सीडी नीट झाली

“मी ते टाकलंच न्हवतं, उजे. लिवलं आणि पुसलं. मग माझ्या आईला कळलं कसं?”

भानुदासदादा कोइमतूरहून बोलत होता. मी फोन कानाशी धरून अंगणात उभी होते आणि आई समोर बसून गवारी मोडत माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काय लिहिलं होतंस?” मी विचारलं.

“पायाचं,” तो म्हणाला. “शुगरपायी उजव्या पायाची बोटं काढली माझी. जत्रंला का येत न्हाई त्याचं कारण म्हणून लिवलं होतं. मग म्हटलं, म्हातारीच्या जिवाला कशाला घोर. समदं पुसलं आणि ‘यंदा येणं जमत नाही, सर्वांना जत्रेच्या शुभेच्छा’ एवढंच टाकलं. आणि आज सकाळी तिचा फोन. ‘भाना, पाय कसा हाय?’”

“दुकानातल्या कुणी सांगितलं असेल.”

“बायकोशिवाय कुणाला ठाव न्हाई. ती हितंच बसून रडतीया, कारण तिला वाटतंय मी तिच्यावर संशय घेतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मशीनची किल्ली तुझ्याकडं हाय. मी तुझ्यावर संशय घेत न्हाई, उजे. नुसतं इचारतोय.”

गलाईवाला ‘नुसतं विचारतोय’ म्हणाला की तो संशयच घेत असतो. मी गलाईवाल्याची मुलगी. हे बाळकडू मला पाजलेलंच होतं.

आमच्या कोळेवंडीत माणसं कमी आणि कुलपं जास्त. विट्याच्या आसपासची पुष्कळ गावं तशीच आहेत. पुरुष दक्षिणेकडे जातात आणि जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची दुकानं चालवतात. त्यालाच गलाई म्हणतात. माझे वडील त्रिशूरला जालिंदरतात्यांच्या दुकानात भट्टीवर होते. तिथे ना करार असतो ना कागद. दुसऱ्याचं सोनं दिवसभर हातात खेळवायचं, म्हणजे घराण्याचं नाव हीच काय ती हमी. एका घराबद्दल कुजबुज सुरू झाली की त्या घरातल्या माणसाला कुठल्याच भट्टीजवळ उभं करत नाहीत.

त्या वर्षी मी विट्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. कॉम्प्युटर करून घरी आले होते. व्हॉट्सअ‍ॅप अजून आमच्या गावाला ठाऊक नव्हतं. कोण वारलं, कुणाला मुलगी झाली, पालखीचा मान यंदा कुणाकडे, हे सगळं फोनाफोनी करून कळवावं लागे आणि शेवटच्या माणसापर्यंत जाईतो त्याचं भलतंच काही होऊन बसे. म्हणून मी एक साधा ब्लॉग बांधला. नाव ‘कोळेवंडी कट्टा’. ज्याला त्याला स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड. लिहायचं, टाकायचं, खाली बाकीच्यांनी बोलायचं. एवढंच.

फुकटात जागा देणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या, पण गावाने त्या धुडकावून लावल्या. कुणाचं दुकान कुठल्या गल्लीत आहे आणि कोण कधी गावाकडे निघतो, हे परक्याच्या मशीनवर लिहून ठेवायचं? “त्यापरीस चोराला चहालाच बोलवा की,” रामचंद्र आप्पा हसबे म्हणाले होते. तेव्हा सर्व्हर आपला, आपल्याच गावात, असं ठरलं. गावात इन्व्हर्टर आणि नेटचं कनेक्शन दोन्ही असलेलं घर एकच होतं, याच आप्पांचं. त्यांच्या माजघराशेजारच्या खोलीत मी कॉलेजातून लिलावात घेतलेला जुना कॉम्प्युटर मांडला, त्याच्यावर सगळं बसवलं, आणि मदुराईच्या नेट कॅफेत बसलेल्या माणसाला आमचं पान दिसलं त्या दिवशी आप्पांच्या बायकोने, जिजाक्कांनी, मशीनला हळदकुंकू लावलं. पंख्याच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

आप्पा म्हणजे गावच्या अर्ध्या गलाईवाल्यांचे गुरू. सारा जन्म मदुराईत काढून आता घरी बसले होते. त्यांची एक खोड होती. घराचा केर ते स्वतः काढायचे आणि तो फेकायचे नाहीत. डब्यात भरून ठेवायचे. गलाईच्या दुकानातला केर कुणीच फेकत नाही, हे खरं. झाडू, पायपुसणं, हात धुतलेलं पाणी, सगळं जाळून-आटवून त्यातला कण न् कण काढतात. पण कोळेवंडीच्या माजघरात कुठलं आलंय सोनं? “शेंगांच्या फोलपटात सोनं हुडकत्यात आमचं हे,” जिजाक्का म्हणायच्या. “आणि आता विट्याला जायचं नवीन याड लागलंय. दर बाजारला यष्टीत चढत्यात.”

मशीन आपलं म्हटल्यावर त्याची नक्कलही आपणच ठेवायला हवी. ते काम मी आप्पांना शिकवलं. जेवण झालं की सीडी आत घालायची, दोन ठिकाणी क्लिक करायचं, सगळं उतरलं की सीडी उघडून अक्षरं नीट दिसतायत का बघायचं, मग कपाटात ठेवायची. पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी एक सीडी मी त्यांना दिली होती. जुनं पुसून नवं उतरवायचं. आप्पा हात धुऊन, पुसून मगच माऊसला हात लावायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, “काय आप्पा?” आणि ते म्हणायचे, “सीडी नीट झाली.” आमचं संभाषण सहसा याच्यापलीकडे जात नसे.

तर भानुदासदादाने पुसलेलं कसं बाहेर पडलं? विचार करता करता मला माझीच एक करणी आठवली. कॅफेतली वेळ संपली की मशीन बंद पडे आणि बिचाऱ्यांचं अर्धं लिहिलेलं वाया जाई, म्हणून मीच एक सोय करून ठेवली होती. माणूस लिहीत असताना त्याचा मजकूर घडोघडी आपोआप सर्व्हरवर उतरत राही. त्याने पुसलं तरी उतरलेला मजकूर तिथे पडून राही आणि मध्यरात्री सर्व्हर स्वतःच तो केर साफ करी. म्हणजे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते सगळं उघडं होतं. पण बघणार कोण? पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता.

मी शेवंताआजीकडे गेले. भानुदासदादाची आई.

“आजी, तुम्हाला पायाचं कुणी सांगितलं?”

“देवीनं,” आजी म्हणाली. “सपनात आली.”

“बोटं काढली हे पण देवीनेच सांगितलं? उजव्या पायाची?”

“व्हय. देवीला डावं-उजवं कळत न्हाई व्हय?” आणि तिने तोंडाला पदर लावला. मला ती धडधडीत खोटं बोलतेय हे दिसत होतं, आणि मला दिसतंय हे तिलाही दिसत होतं.

मी घरी येऊन पासवर्ड बदलला. दुसरं काय करणार? त्यानंतर कुणी पोस्ट टाकली की मला तिच्यातलं न लिहिलेलंच जास्त दिसायचं. गावातून जाताना कुणी बोलता बोलता गप्प झालं की वाटायचं, हा तर नाही? नेटची वायर जोडून देणारा तर नाही? माझ्या स्वतःच्या मैत्रिणीला, जिला मी सहज पाय मोकळे करताना सगळं सांगायचे, तिलासुद्धा मी टाळू लागले.

आणि जत्रा आठवड्यावर आली तेव्हा जालिंदरतात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. बरोबर त्यांची बायको, दोघंही त्रिशूरहून आलेली. यात नवल होतं, कारण ती त्रिशूरला कधीच जात नसे.

“बस गं, उजे,” तात्या म्हणाले. आमच्याच घरात मला बसायला सांगत होते. “महिन्यामागं माझ्या छातीत दुखलं. दवाखान्यात ठेवलं होतं. तुझ्या बापालाबी बोललो, गावात सांगायचं न्हाई. एक दिवस जिवाला बरं वाटंना म्हणून त्या तुझ्या कट्ट्यावर लिवलं. लिवलं आणि पुसलं. आणि तिसऱ्या दिवशी ही बया पिशवी घिऊन दुकानाच्या दारात हुबी.”

“बरं झालं आले ते,” तात्यांची बायको भिंतीकडे बघत म्हणाली.

“कुणी सांगितलं म्हणून इचारलं तर म्हणती, देवीनं.”

मी पासवर्ड बदलल्यानंतरची गोष्ट होती ही.

“तात्या, मी नाही वाचलं.”

“मग कोण वाचतंय ते सांग. पालखीच्या आदल्या दिवशी देवळात सगळी बसणार हाईत. तवा नाव कळाय पायजे.” तात्या आवाज चढवत नव्हते, चढवला असता तर बरं झालं असतं. “तुझ्या बापासारखा भट्टीवरचा माणूस मला मिळायचा न्हाई. पर ज्याच्या घरात दुसऱ्याचं झाकलेलं उघडून बघत्यात, त्याच्या हातात मी लोकांचं सोनं कसं द्यू? तूच सांग.”

ते गेले. आईने देवापुढे दिवा लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली. मला राग आला, तिचा आणि देवीचाही.

बाबांचा फोन त्या संध्याकाळीच आला. “उजा, खरं सांग. वाचलंस का तू?”

“नाही, बाबा.”

पलीकडे भट्टीच्या भात्याचा आवाज येत होता. माझा बाप मला तोलत होता, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

“बरं,” शेवटी म्हणाले. “मग तू पण मणी टाकून बघ.”

मण्याची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दुकानात नवा माणूस आला की मालक सोन्याचा एक बारीक मणी जमिनीवर, त्याच्या पायाजवळ टाकून ठेवतो आणि दुसरीकडे बघत बसतो. मणी उचलून मालकाच्या हातात आला तर माणूस राहिला. नाही आला तर संध्याकाळच्या गाडीचं तिकीट.

मी मणी टाकायचं ठरवलं. पण कोणता? कुणाच्या दुखण्याचं खोटं लिहिणं मला नको होतं. ज्याने कुणी हे चालवलंय त्याला लागेल आणि तो जागचा हलेल असं काहीतरी हवं होतं. ते सुचेपर्यंत देवळातली बैठक उद्यावर आली. त्या संध्याकाळी मी माझ्या खात्यात शिरले आणि लिहिलं, ‘आप्पांच्या घरातला सर्व्हर येत्या शनिवारी तिथून हलवून विट्याला नेत आहे. यापुढे त्याची सगळी व्यवस्था विट्यालाच होईल.’ घटकाभर तसंच राहू दिलं. मग सगळं पुसलं आणि पोस्ट टाकली फक्त पालखीच्या वाटेची. आईलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढे बसले होते. दारातून जिजाक्का आत आल्या. जिजाक्का सहसा कुणाच्या दारात न जाणाऱ्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आई पाण्याला गेलेली बघितली, आणि माझ्यापुढे चक्क उकिडव्या बसल्या.

“उजाबाई, मशीन नगं निऊस.”

तवा तापला होता, भाकरी परातीत होती. मी ती तशीच ठेवली.

“कुठलं मशीन, जिजाक्का? कोण म्हणालं मी नेतेय म्हणून?”

त्यांच्या लक्षात आलं. पदर सावरत त्या उठू लागल्या.

मला सांगायला हवं, त्या क्षणी मला आनंद झाला. सापडलं! बाबांची जागा वाचली, माझं नाव धुऊन निघालं. मी तवा खाली उतरवला आणि तशीच जिजाक्कांच्या पुढे होऊन आप्पांच्या घरी गेले. मनात वाक्यं जुळवत होते. चांगली तिखट वाक्यं होती.

आप्पा खोलीत मशीनपुढे बसले होते. मला बघून उठले नाहीत.

“शनवारी नेणार?” त्यांनी विचारलं.

“नाही नेणार. मणी टाकला होता मी, आप्पा.”

हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही झाला की माझी तिखट वाक्यं तोंडातच राहिली. चोरी पकडल्यावर माणूस ओशाळतो, चिडतो. आप्पांना तसं काही झालं नाही. जुन्या दुखऱ्या जागेवर कुणी अवचित हात ठेवावा तसे ते दचकले.

“आन डबा, जिजे,” ते म्हणाले.

जिजाक्कांनी केराच्या डब्यांमागचा एक मोठा बिस्किटांचा डबा आणून ठेवला. आत सीड्या होत्या. मी दिलेली ती एक नव्हे. भरगच्च डबा, प्रत्येक सीडी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. आता मला विट्याच्या बाजाराच्या फेऱ्या कळल्या.

“तुम्हाला मी जुनं पुसायला सांगितलं होतं.”

“सांगितलं हुतंस. पर पुसायचं म्हंजी टाकायचंच की. टाकवंना मला.” त्यांनी मान हलवली. “आणि नीट झाली का बघ म्हणालीस, म्हणून उघडून बघायचो. तवा दिसलं, माणसं टाकत्यात त्याच्यापरीस पुसत्यात जास्त.” जेवणानंतरची नक्कल मध्यरात्रीच्या साफसफाईआधी निघायची, म्हणजे पुसलेलंही तिच्यात उतरत होतं, आणि सीडीला पासवर्ड नव्हता.

“आणि तुम्ही वाचत बसलात. शेवंताआजीला सांगितलंत, तात्यांच्या बायकोला गाडीत बसवलंत. देवीचं नाव सांगायलाही तुम्हीच शिकवलं असणार.”

“ते मी,” जिजाक्का म्हणाल्या.

“आप्पा, बाबांची जागा जातेय! तुम्हाला माहीत होतं?”

“काल कळलं. आज देवळात मी सांगणारच हुतो.” मग मानेनेच पडद्याकडे खूण केली. “पर आदी तू हे बघ. दुसऱ्यांचं वाचाय मी बसत न्हवतो. ते मधी आडवं आलं, आणि आल्यावर गप बसवलं न्हाई. आईला पोराचा पाय ठाव नसावा, हे कसलं जगणं? मी हुडकत हुतो ते हे.”

त्यांनी एक सीडी आत घातली. पुसलेल्या मजकुरांत खाली एक नाव होतं, धनाजी रामचंद्र हसबे. आप्पांचा एकुलता मुलगा, मदुराईलाच स्वतंत्र दुकान टाकून राहिलेला. गावात कधी येत नसे. कट्ट्यावर त्याने खातं उघडलं होतं, पण एक ओळ टाकली नव्हती. का येत नाही, हे गावात कुणी उघड बोलत नसे.

त्याच्या नावापुढे एकच शब्द होता. ‘आप्पा’.

त्यांनी दुसरी सीडी घातली. ‘आप्पा’. तिसरीत ‘आप्पा, इथे’. पुढे काही नाही. आणखी एकीत पुन्हा नुसतं ‘आप्पा’. मी हात धरून त्यांना थांबवलं.

“एकदा दुकानात वजन कमी भरलं,” आप्पा सांगू लागले, पडद्याकडेच बघत. “लई न्हाई, पर भरलं. हाताखालची माणसं जुनी. राहिला धनाजी. लग्न झालेला, पोराबाळाचा बाप. मी त्याच्या पायाजवळ मणी टाकला.”

जिजाक्का भिंतीला टेकून खाली बसल्या.

“त्यानं बघितला. मी बघत न्हाई असं दावतोय हेबी बघितलं. उचलला, माझ्या तळहातावर ठिवला आणि मूठ मिटवली माझी. ‘आप्पा’ म्हणाला. पुढं काय बोलला न्हाई, पायात चपला घालून गेला. आणि सोनं गावलं. पायपुसणं जाळल्यावर राखंत गावलं.” त्यांनी केराच्या डब्यांकडे बघितलं. “तवापासून मी केर टाकत न्हाई, पोरी.”

मी त्यांना रागावायला आले होते. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही, पण त्याच्या जागी रडू आलं हे मात्र चांगलं आठवतं. आणि त्याच वेळी मनाचा एक कोपरा हिशेबीपणे म्हणत होता की हे देवळात सांगितलं की संपलं. बाबा वाचतील, आणि धनाजीदादाला कळेल की बाप वाचतोय. मग तो तेवढा एक शब्दही लिहायचा नाही.

“आप्पा, दुसरं काहीतरी सांगू या,” मी म्हणाले. “मशीन बिघडलं होतं म्हणू.”

“आणि तुझ्या बापाकडं जन्मभर येक डोळा ठिवून बघतील ती? न्हाई. येका बेकसुराला मी असं धाडलंय.” आप्पा उठले आणि टोपी घालायला लागले. “डबा घे.”

देवळाच्या मंडपात पालखीच्या मानाची बोलणी चालली होती. ती संपल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आतच आप्पा मध्ये येऊन उभे राहिले.

“मी वाचलं,” ते म्हणाले. “ह्या पोरीला ठाव न्हवतं. शेवंताला मी सांगितलं. जालिंदर, तुझ्या बायकोला यष्टीत मी बसवलं. शिव्या द्यायच्या त्या मला दे.”

तात्यांना भट्टीजवळ पहिल्यांदा उभं केलं होतं ते आप्पांनीच. त्यांच्या तोंडून शिवी कुठली निघायला?

“आप्पा, तुमी?” एवढंच ते म्हणाले. “पर का?”

“म्हातारपण,” आप्पा म्हणाले. धनाजीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मग जो तो बोलू लागला. कुणी हसलं, कुणी आपण काय काय पुसलं होतं ते आठवून लाल झालं. शेवटी ठरलं ते असं. मशीन राहू दे, आप्पांकडेच राहू दे, पण पुसलेलं साठवणं आजच्या आज बंद. सीड्या सगळ्यांसमोर मोडायच्या. आप्पांनी स्वतः एकेक काढून मोडली. मला मोडवल्या नसत्या.

“उजे, आज संध्याकाळी बंद करशील नव्हं?” तात्यांनी विचारलं. “शब्द दे.”

“देते,” मी म्हणाले.

आम्ही मंडपातून निघेपर्यंत तिकडे कोइमतूरला भानुदासदादाचा फोन खणखणू लागला होता. आमच्या गावची माणसं आपलं काही सांगत नाहीत, पण दुसऱ्याचं मात्र दुपार व्हायच्या आत साऱ्या दक्षिणेत फिरतं. आप्पा हसबे पुसलेलं वाचत होते! त्रिशूरला कळलं, कोइमतूरला कळलं, सेलमला कळलं. मदुराईला कळलं नसेल असं मी स्वतःला सांगत होते, पण मदुराईलाच सर्वांत आधी कळलं असणार. बाबांचा फोन आला. “तात्या बोलला माझ्याशी,” म्हणाले, आणि मग पुष्कळ वेळ नुसतेच ‘उजा, उजा’ करत राहिले. मी त्यांना माफ केलं.

दिवेलागणीला मी मशीनपुढे बसले. आप्पा दारात उभे होते, आत येत नव्हते. सकाळपासून त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही, असं जिजाक्का कुजबुजून सांगून गेल्या. मी सोय बंद करायची ती ओळ उघडली. सवयीने, त्याआधी, पुसलेल्या मजकुरांवर एक नजर टाकली.

त्या संध्याकाळी सारं गाव जपून होतं. कुणी काही लिहीतच नव्हतं. फक्त एका खात्यात मजकूर उतरत होता. एक नोंद, तिच्याहून मोठी दुसरी, तिच्याहून मोठी तिसरी. नाव धनाजी रामचंद्र हसबे. मी मजकूर उघडला नाही, पण त्याची लांबी बाजूला दिसत होती आणि ती वाढतच चालली होती. मदुराईच्या कुठल्याशा कॅफेत तो बसला होता आणि थांबतच नव्हता. आता टाकेल, आता टाकेल.

शेवटी मजकूर वाढायचा थांबला. आणि मग एकदम शून्य. त्याने सगळं पुसलं.

टाकलं नाही. पुसलं. मला आधी वाईट वाटलं, आणि मग समजलं. त्याला पक्कं ठाऊक होतं कोण वाचतं आणि काय वाचतं.

“झालं का बंद?” आप्पांनी दारातून विचारलं.

मी खुर्चीवरून उठले. “आप्पा, आत या. बसा इथे.”

त्यांनी हात धुतले, पुसले. चष्मा लावला. मी तो शेवटचा, पुसायच्या आधीचा मजकूर उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवून स्वयंपाकघरात गेले. जिजाक्का पीठ मळत होत्या. मला बघून त्या एकाच जागी मळत राहिल्या. आतून बऱ्याच वेळाने आप्पांचा आवाज आला, मोठ्याने, लहान मुलासारखा. जिजाक्का पिठाच्या हातांनीच आत धावल्या.

मग मी माझं काम केलं. गावाला दिलेला शब्द पाळला. एकेक करून साऱ्या खात्यांचं साठवणं बंद केलं, एक सोडून. निघताना आप्पा म्हणाले, “उजे, मला येक टाकायचंय. कट्ट्यावर.”

त्यांनी आजवर कधी काही टाकलं नव्हतं. मी त्यांचं खातं उघडून दिलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं आणि टाकलं. ‘सीडी नीट झाली.’

खाली लोकांनी भरपूर चेष्टा केली. म्हाताऱ्याचं काय चाललंय, सीडी कुणाला हवीय, देवळात एवढं झालं तरी आप्पांचा सीडीचा नाद काही सुटत नाही. आप्पा पुढेही टाकत राहिले. दर आठ-पंधरा दिवसांनी तेच एक वाक्य. कधी ‘सीडी नीट झाली. जिजा बरी आहे.’ असं. कधी ‘सीडी नीट झाली. चूक माझी होती.’ लोकांना वाटलं, मशीनच्या बटणाची चूक.

पुढच्या जत्रेला धनाजीदादा आला. एवढ्या वर्षांनी बापलेक भेटतायत म्हणून अर्ध्या गल्लीने दारंखिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. दोघं सोप्यावर दुपारभर शेजारी बसले. “जेवलास?” “जेवलो.” याच्यापुढे काही नाही. संध्याकाळी जिजाक्का मला म्हणाल्या, “येवढ्या लांबनं आला आणि येक अक्षर बोललं न्हाईत गं दोघंबी.”

“बोललेत, जिजाक्का,” मी म्हणाले. “वर्षभर बोलतायत.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आप्पा नाहीत. माझे बाबा भट्टी सोडून घरी बसलेत आणि मशीनही दोनदा बदललं, पण ते अजून हसब्यांच्याच खोलीत आहे. जालिंदरतात्या म्हातारे झालेत. संशयी मात्र पूर्वीइतकेच आहेत. वाटेत भेटले की काठी टेकवून विचारतात, “उजे, पुसलेलं जातं नव्हं खरंच?”

“जातं की, तात्या.”

“समद्यांचं?”

“सगळ्यांचं,” मी म्हणते, आणि तात्या माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहतात.